दहा हजार पिक्सेल डावीकडे

तुमच्या पडद्याच्या डाव्या कडेपासून दहा हजार पिक्सेल लांब आणि वरच्या कडेपासून हजार पिक्सेल वर एक चौकोन ठेवलेला असतो. रुंदी १ पिक्सेल, उंची १ पिक्सेल. तो तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि दिसावा अशी तो ठेवणाऱ्याचीही इच्छा नसते. आत मजकूर नाही, चित्र नाही. आहेत ती फक्त नावं: ‘टेक्स्ट ॲड’, ‘पब ७२८ बाय ९०’, ‘पब ३०० बाय २५०’. हे आकडे म्हणजे वेबवरच्या जाहिरातींची ठरलेली मापं. पहिलं पानाच्या माथ्यावरच्या आडव्या पट्टीचं, दुसरं मजकुराच्या अधेमधे येणाऱ्या चौकटीचं. थोडक्यात, एका रिकाम्या ठिपक्याला ‘मी जाहिरात आहे’ अशी पाटी लावून दूर कोपऱ्यात बसवलेलं असतं.

पानावरचा छोटासा कोड सेकंदाच्या विसाव्या भागाएवढं थांबतो आणि त्या ठिपक्याची उंची मोजतो. १ भरली तर ठीक. शून्य भरली तर त्याला कोणीतरी गडप केलंय, आणि रिकाम्या ठिपक्याला नुसत्या नावावरून गडप करणारा तुमच्या ब्राउझरमधला जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकरच असणार. १ भरली तरी खात्रीसाठी हीच मोजणी आणखी काही वेळा होते. एकदा शून्य भरली की बातमी धूसर होते आणि मधोमध विनंती उमटते: आमचं काम जाहिरातींवर चालतं, कृपया ॲड ब्लॉकर बंद करा.

‘ब्लॉक-ॲडब्लॉक’ नावाच्या, कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या कोडमधली ही युक्ती. तिचे अनेक भाऊबंद आहेत. काही वेबसाइट जाहिरातीसारख्या नावाची एक निरुपद्रवी फाइल मागवून बघतात. ती आली नाही की समजायचं ते समजतात. पण मुळात एवढा खटाटोप कशाला? वेबसाइटला हे सरळ कळत का नाही?

कारण वेबसाइट तुम्हाला छापील पान पाठवतच नाही. ती पाठवते पान कसं मांडायचं याच्या सूचना: हा मथळा, हा परिच्छेद, इथे अमुक ठिकाणाहून चित्र आणा, तिथे तमुक सर्व्हरकडून जाहिरात मागवा. पान प्रत्यक्ष तयार होतं तुमच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर, तुमच्या ब्राउझरच्या हातून. शंभर सूचनांपैकी वीस त्याने पाळल्याच नाहीत तर मूळ सर्व्हरला पत्ताही लागत नाही. म्हणून तो सूचनांच्या गठ्ठ्यातच एक हेर धाडतो, आणि हा हेर तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच विजेवर चालतो. अंधांना पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, अक्षरं मोठी करणं, पानाचा रंग बदलणं ही सगळी सोय वेबच्या याच रचनेतून आली. ॲड ब्लॉकरही तिथूनच आला.

आता ब्लॉकरची बाजू बघा. त्याच्याकडे कसली दिव्यदृष्टी नाही, एक यादी आहे. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या यादीचं नाव ‘ईझीलिस्ट’. ती रिक पेटनेल नावाच्या गृहस्थांनी सुरू केली. २००९ मध्ये ते गेले, आणि तेव्हापासून मोजके स्वयंसेवक ती सांभाळतात. यादीत हजारो ओळी आहेत आणि त्यांची लिपी फार कंजूष आहे. दोन उभ्या रेघा, त्यापुढे जाहिरात कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि शेवटी एक छोटं टोपीसारखं चिन्ह, म्हणजे ‘या पत्त्यावर निरोप जाऊच देऊ नका’. दोन हॅश आणि पुढे नाव, म्हणजे ‘या नावाचा चौकोन पानावर असला तर लपवा’. ओळीच्या सुरुवातीला दोन ‘ॲट’ची चिन्हं असली की अर्थ उलटा: ‘याला हात लावू नका’. ठिपका हे वेबसाइटचं आमिष आहे हे ओळखू आलं की अशीच सूट कामाला येते. ब्लॉकर त्या एका ठिपक्याला सोडून देतो, उंची १ भरते आणि हेर ‘सगळं आलबेल’ असा निरोप देतो. काही ब्लॉकर त्याहून पुढे जातात. जाहिरातीच्या कोडऐवजी ते त्याच नावाचा पोकळ कोड पुरवतात. त्याला हाक मारली तर तो ‘ओ’ देतो, काम मात्र काहीच करत नाही. ‘कृपया बंद करा’ या विनंत्याच पानावरून पुसणारी एक वेगळी यादीसुद्धा आहे.

या लपाछपीमागे पैशाचं गणित आहे, आणि ते छापील जगापेक्षा अगदी निराळं आहे. पेपरातलं सोनाराच्या जाहिरातीचं अख्खं पान तुम्ही न बघता उलटलंत, तरी पेपरचे पैसे ठरलेले असतात. टीव्हीवर जाहिराती लागल्या म्हणून चहा टाकायला उठलात, तरी वाहिनीचं काही जात नाही. वेबवर बहुतेकदा जाहिरातीची जागा तुम्ही पान उघडेपर्यंत विकलेलीच नसते. पान उघडतं आणि एक लिलाव सुरू होतो: अमुक विषयाचं पान, तमुक प्रकारचा फोन, साधारण या शहरातला वाचक, बोला किती? कंपन्यांची यंत्रं बोली लावतात, एक जिंकते आणि तिची जाहिरात तुमच्याकडे निघते. हे सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, पापणी लवेपर्यंत. दर ठरतो हजार वेळा दाखवण्यामागे, त्यामुळे एका वाचकाच्या वाट्याला क्षुल्लक रक्कम येते. पण ब्लॉकर लिलावाचा पहिला निरोपच अडवतो. बोली लागत नाही, आणि वेबसाइटच्या लेखी त्या वाचनाचं उत्पन्न शून्य. बातमीदाराचा पगार मात्र तसाच द्यायचा असतो. विनंतीतली कळकळ खोटी नाही ती यामुळे.

वेबवर जाहिरातीची पट्टी अवतरली २७ ऑक्टोबर १९९४ रोजी, ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी वेबसाइटवर. पहिल्या जाहिरातदारांत एटीअँडटी ही टेलिफोन कंपनी होती. आठ वर्षांत त्यावरचा एक उतारा आला. २००२ मध्ये हेन्रिक आस्टेड सोरेन्सन या डॅनिश विद्यार्थ्याने, पुढे फायरफॉक्स झालेल्या ब्राउझरसाठी ‘ॲडब्लॉक’ लिहिलं. मार्च २०१० मध्ये ‘आर्स टेक्निका’ या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटने बारा तासांचा प्रयोग केला: ब्लॉकर वापरणाऱ्यांना लेखांचा मजकूरच दिसेना. वाचक गोंधळले, चिडले. मग संपादकांनी आपली अडचण एका लेखात मोकळेपणाने मांडली. ऑक्टोबर २०१५ मध्ये जर्मनीच्या ‘बिल्ड’ या वृत्तपत्राने दारच लावलं: ब्लॉकर बंद करा, नाहीतर महिन्याची वर्गणी भरा. २०१६ मध्ये भारतातल्या काही मोठ्या वृत्तसमूहांनीही हाच मार्ग धरला. आपल्याकडे तर कित्येकांना आपण ब्लॉकर वापरतो हेच ठाऊक नव्हतं. २०२० मध्ये बंदी येईपर्यंत घराघरात असलेल्या यूसी ब्राउझरमध्ये तो अंगभूतच होता.

दरम्यान लपाछपी विलक्षण थराला गेली. २०१६ मध्ये फेसबुकने जाहिराती साध्या पोस्टसारख्या दिसतील असा कोड बनवला. ब्लॉकरवाल्यांनी दोनेक दिवसांत तोड काढली. पुढे फेसबुकने जाहिरातींवरचा ‘स्पॉन्सर्ड’ हा शब्दच फोडला. इंग्रजी स्पेलिंगचे तुकडे केले आणि मधेमधे न दिसणारी ‘एस’ अक्षरं पेरली. माणसाला पडद्यावर शब्द नीट दिसे. कोड वाचणाऱ्या ब्लॉकरला तिथे निरर्थक अक्षरांची खिचडी मिळे. मग तो शब्द काढून का टाकला नाही? कारण जाहिरात ही जाहिरात आहे हे ग्राहकाला कळलंच पाहिजे, असे कायदे अनेक देशांत आहेत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. माणसाला ओळखता येईल अशी खूण जाहिरातीवर ठेवावीच लागते, तर कोड वाचण्याऐवजी पान माणसासारखं बघणारा ब्लॉकर बनवता येईल. तसा नमुना त्यांनी करूनही दाखवला. जाहिरात जितकी प्रामाणिक, तितकी ती पकडायला सोपी!

भांडण कोर्टात गेलं नसतं तरच नवल. ‘बिल्ड’ची मालक कंपनी ॲक्सेल श्प्रिंगर ‘ॲडब्लॉक प्लस’ या ब्लॉकरवर खटला घेऊन थेट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात पोहोचली. एप्रिल २०१८ मध्ये निकाल लागला: ब्लॉकर वापरायचा की नाही हे वाचक ठरवतो, त्यात बेकायदा काही नाही, आणि ब्लॉकर वापरणाऱ्यांना दार बंद करायला प्रकाशकही मोकळा आहे. याच न्यायालयाने २००४ मध्ये, जाहिराती लागताच वाहिनी बदलणाऱ्या ‘टीव्ही परी’ नावाच्या यंत्रालाही मान्यता दिली होती. प्रकरण अजून मिटलेलं नाही. ब्लॉकर ज्यात फेरफार करतो तो वेबपानाचा कोड कॉपीराइट असलेला प्रोग्रॅम मानायचा का, हा प्रश्न जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने हॅम्बुर्गच्या कोर्टाकडे फेरतपासणीला पाठवला.

ब्लॉकर ठेवायला वाचकाकडेही सबळ कारण आहे. लिलावात जिंकणारा कोण, हे वेबसाइटलाही आधी माहीत नसतं. मार्च २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘बीबीसी’सारख्या ठिकाणी जाहिरातींच्या वाटेने खंडणी मागणारा मालवेअर घुसला होता. डिसेंबर २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयनेच नागरिकांना ॲड ब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला. म्हणून ज्या वेबसाइटवर भरवसा आहे तेवढीच ब्लॉकरच्या सवलतीच्या यादीत टाकावी. जवळजवळ प्रत्येक ब्लॉकरमध्ये ती सोय असते. सगळीकडे बंद आणि सगळीकडे चालू यांच्या मधला हा मार्ग आहे.

सुरुवातीच्या त्या विनंतीत ‘कृपया’ आहे, कारण पान तुमच्या यंत्रावर जुळतं आणि तिथे वेबसाइटचं काही चालत नाही. पण ब्राउझर तरी पुरता तुमचा आहे का? जगात सर्वाधिक चालणारा ब्राउझर क्रोम, आणि तो बनवणाऱ्या गूगलचा मुख्य धंदा जाहिरातींचा. पूर्वी प्रत्येक निरोप बाहेर पडण्याआधी ब्लॉकर तो तपासून जागच्या जागी अडवू शके. २०२४ पासून क्रोमने ही मुभा टप्प्याटप्प्याने काढून घेतली. आता ब्लॉकरने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची, अडवण्याचं काम ब्राउझर करणार. यामागे सुरक्षा आणि वेग ही कारणं असल्याचं गूगल सांगतं. ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा नामांकित ब्लॉकर त्यामुळे क्रोममध्ये मूळ रूपात चालेनासा झाला. फायरफॉक्सने जुनी वाट उघडी ठेवली आहे. आजवरच्या भांडणात एका बाजूला वेबसाइट होती, दुसऱ्या बाजूला वाचक, आणि ब्राउझर वाचकाच्या बाजूचा मानला जाई. तो बाजू बदलू शकतो हे एकदा कळलं, की कोणता ब्राउझर वापरायचा हा प्रश्न सवयीवर सोडून चालत नाही.