पेगाचा हिशेब

परमिट रूममध्ये एका पेगामागे मालकास काय सुटते, हा प्रश्न आर्णीत आम्हांस एका वेटरने विचारला. फुटलेल्या ग्लासाचे पैसे त्याच्या पगारातून कापले होते, आणि मालक म्हणत होता, धंद्यात काही उरतच नाही. तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पुढील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत; ते कोणा एका दुकानाचे नव्हेत.

समजा, 750 मिलिलिटरची बाटली मालकास 800 रुपयांस पडली. लहान पेग 30 मिलिलिटरचा. म्हणजे बाटलीत पेग 25 आणि प्रत्येकी खर्च 32 रुपये. गिऱ्हाइकास तो 80 रुपयांस दिला, तर 48 रुपये वर राहिले. व्हॅट निराळा, 2023 साली तो 5 टक्क्यांवरून 10 टक्के झाला, आणि तो बिलात गिऱ्हाईकच भरते.

अडीचपट किंमत ऐकून पुष्कळांस हा सगळा नफाच वाटतो. वस्तुतः त्या 800 रुपयांतच सरकारचा वाटा मोठा आहे. 2025 साली स्वस्त विदेशी मद्यावरील उत्पादनशुल्क निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. मग 14 जुलैस राज्यातील बारमालकांनी बंद पाळला. मालकही संप करतात, हे आम्हां संपवाल्यांस त्या दिवशी पाहावयास मिळाले!

आता खरी गोम. परवान्याची फी, भाडे, वीज, पगार हा खर्च गिऱ्हाईक येवो न येवो, चालूच असतो. तो रोजचा 4,800 रुपये धरला, तर पहिले 100 पेग त्यातच जातात. शंभरावर एक पेग झाला, की त्याचे 48 रुपये मालकाचे. म्हणून फुटाणे-शेंगदाणे खारट, म्हणून वेटरला ताकीद, की ग्लास रिकामा दिसला की 'रिपीट' विचार. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा अधिक घेण्यास 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांस मोकळीक दिली. तोही पैसा याच खात्यात.

मापाचेही पाहा. कोणी 30 ऐवजी 28 मिलिलिटर ओतले, तर बाटलीमागे पावणेदोन पेग जास्त निघतात, म्हणजे सुमारे 140 रुपये. मंद दिव्यात दोन मिलिलिटर कोणास दिसणार? वजनमापे खात्याच्या शिक्क्याचे माप टेबलावर मागण्याचा गिऱ्हाइकास हक्क आहे. परंतु तिसऱ्या पेगानंतर तो कोणी बजावल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हा शंभरापुढचा पेग कोण घेतो? उशिरापर्यंत बसणारा, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तो बहुधा रोजंदारीचा माणूस असतो. त्याच्यासाठी वेटरही तितकाच वेळ उभा.

त्या वेटरचा ग्लास 50 रुपयांचा होता. हिशेबाचा कागद घेऊन आम्ही दोनदा मालकाकडे गेलो. कापलेले पैसे पुढल्या पगारात परत मिळाले.