नव्या पाटीवरचीं धुळाक्षरें

विद्येला वयाची अट नसते, हें वाक्य मीं वर्गांत मुलांना अनेक वर्षें ऐकविलें. तें स्वतः खरें करून पाहण्याची वेळ मात्र मजवर सेवानिवृत्तीनंतर आली. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें कांहीं झालें तें संस्कृताचें. संगणकाशीं माझा संबंध शाळेच्या कचेरींत पगारपत्रक छापून निघे तेवढाच. अशा मनुष्यानें संकेतस्थळें व मोबाइलवरील अ‍ॅप तयार करण्याच्या विद्येविषयीं लिहावें, हें कित्येकांस धाडस वाटेल. परंतु ज्या प्रसंगानें मला या विद्येच्या दारांत आणून उभें केलें, तो आज अनेक कुटुंबांत घडत आहे. म्हणून तो सांगतों.

माझे धाकटे बंधू हदगावाजवळ शेती पाहतात. त्यांचा मुलगा बी. एस्सी. झाला आणि पुढें काय, हा प्रश्न उभा राहिला. घरांत वडील मी. तेव्हां सल्ला मला विचारण्यांत आला. एका मोठ्या शहरांतील शिकवणीच्या वर्गाची जाहिरात मीं वर्तमानपत्रांत वाचली होती. तीन महिन्यांत वेब व मोबाइल अ‍ॅप यांची संपूर्ण विद्या, आणि शेवटीं प्रमाणपत्र! मीं बंधूंस म्हटलें, "पाठव त्याला." त्या वर्षीं सोयाबीनचा जो पैसा हातीं आला त्यांतील मोठा भाग त्या फीमध्यें गेला.

मुलगा प्रमाणपत्र घेऊन परत आला व एका ठिकाणीं मुलाखतीस गेला. तेथें त्याच्यापुढें कोरें दिसणारें एक पान उघडून ठेवलें आणि सांगितलें, "हें कोरें कां दिसतें तें शोधून काढा." त्याला तें साधलें नाहीं. त्या रात्रीं ओसरीवर बसून तो म्हणाला, "काका, मला बारा साधनांचीं नांवें येतात, पण पान कोरें कां, हें मला सांगतां आलें नाहीं." बंधू कांहीं बोलले नाहींत. भावजयही ताटें उचलून आंत गेल्या. त्यांचें तें न बोलणेंच मला अधिक लागलें. कारण सल्ला माझा होता.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याची वही मागितली. "पहिल्या आठवड्यांत काय शिकविलें?"

"रिअ‍ॅक्ट, काका."

"तें समजण्यास आधीं काय यावें लागतें?"

"जावास्क्रिप्ट."

"आणि त्याच्या आधीं?"

"एचटीएमएल, सीएसएस. तें सरांनीं एका दिवसांत उरकलें."

रोगाचें निदान झालें. संधि व विभक्ति न शिकवितां बाणभट्टाची कादंबरी हातीं द्यावी, तसा हा प्रकार होता. मीं त्याला म्हटलें, "आपण दोघे पहिल्या धुळाक्षरापासून बसूं. तूं मला शिकव. मला कळलें नाहीं तर तुलाही कळलेलें नाहीं, असें समजूं."

तीन अंगें

या विद्येचें मूळ फार जुनें नाहीं. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं या जाळ्याची कल्पना मांडली, आणि १९९३ सालीं सर्ननें ती कोणताही मोबदला न घेतां सर्व जगाला खुली केली. आज हदगावांत बसून कोणीही आपलें पान तयार करूं शकतो, तें या औदार्यामुळें.

पानाचीं अंगें तीन. एचटीएमएल हें त्याचें शरीर: हें शीर्षक, हा परिच्छेद, हें चित्र, अशा खुणा त्यानें करावयाच्या. सीएसएस हा त्याचा वेश: अक्षर केवढें, रंग कोणता, समास किती. जावास्क्रिप्ट ही त्याची हालचाल: कळ दाबली म्हणजे काय व्हावें, हें तिनें ठरवावयाचें. ही तिसरी भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं सुमारें दहा दिवसांत रचली असें सांगतात. म्हणून ती दहा दिवसांत शिकून होते असें मात्र कोणीं समजूं नये. पुतण्यानें शिकलेलें रिअ‍ॅक्ट हें याच तिसऱ्या भाषेंत लिहिलेलें तयार साहित्य आहे. पाया घालतांना चौकट कामाची नसते. भिंत उभी राहूं लागली म्हणजे ती बसवावी.

शरीर व हालचाल मला थोड्या दिवसांत उमगलीं. वेशापाशीं पुतण्या अडला. त्यानें परिच्छेदाला काळा रंग दिला, दुसरीकडें तांबडा दिला, आणि शेवटीं दिसला तो निळा! तो चिडून म्हणाला, "यांत कांहीं नियमच नाहीं." मीं त्याच्याकडून ते नियम मोठ्यानें वाचवून घेतले आणि मला हसूं आवरेना, कारण ते माझ्या ओळखीचे होते.

पाणिनीच्या सुमारें चार हजार सूत्रांचा गाडा ज्या संकेतांवर चालतो, त्यांतील तीन येथें समोर उभे होते. सामान्य नियमाहून विशेष नियम बलवान. त्यास वैयाकरण उत्सर्ग व अपवाद म्हणतात. सीएसएसमध्येंही सर्व परिच्छेदांना उद्देशून केलेल्या नियमापेक्षां एका विशिष्ट परिच्छेदाला नांव घेऊन केलेला नियम चालतो, मग तो आधीं लिहिलेला असो कीं नंतर. दोन नियम सारख्याच बळाचे असले तर नंतरचा चालतो. पाणिनीच्या सूत्राचा परंपरेनें सांगितलेला अर्थही असाच आहे. आणि वरच्या सूत्रांतील पद जसें खालच्या सूत्रांत अनुवृत्तीनें येतें, तसा संपूर्ण पानाला दिलेला अक्षराचा रंग आंतल्या प्रत्येक भागाकडे आपोआप उतरतो. हें सांगतांच पुतण्यानें आपले नियम बळाच्या क्रमानें मांडले, आणि निळा रंग कोठून आला तें स्वतः शोधून काढलें.

यावरून आमच्या पूर्वजांनीं संगणक शोधून काढला होता, अशी बढाई मी मारणार नाहीं. परंतु नियमांची शिस्तबद्ध मांडणी ही आपल्याला परकी नाहीं, एवढें खास. १९६७ सालीं पीटर इंगरमन यांनीं संगणकशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकास पत्र लिहून, संगणकभाषांचें व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीस पाणिनीचेंही नांव द्यावें असें सुचविलें होतें. ज्या घरांत रूपावली पाठ झाली आहे त्या घरांतील मुलानें या विद्येला भिण्याचें कारण नाहीं.

आणखी एक गंमत. 'क्षमा' या शब्दांत अक्षरें किती, असें पुतण्यानें जावास्क्रिप्टला विचारलें. उत्तर आलें पांच! त्याला ती चूक वाटली. परंतु युनिकोड या जागतिक संकेतांत क्ष ही एक खूण नाहीं. क, हलन्ताचें चिन्ह आणि ष अशा तीन खुणा मिळून ती होते. पुढें म आणि काना, म्हणजे पांच. यंत्र अक्षरें न मोजतां खुणा मोजतें. ज्याला मराठी अ‍ॅप करावयाचें त्यानें हें प्रथम जाणावें. नाहींतर नांवाचें आद्याक्षर काढतांना क्षमेचा क होईल.

भाषेची भिंत

माझे वडील निजामाच्या राजवटींत शिकले. त्या काळीं हैदराबाद संस्थानांत वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून होई. ते सांगत, "भूमितीचें प्रमेय मीं शब्दशः पाठ केलें होतें, कळलें मात्र तें पुढें मराठींत वाचलें तेव्हां." १९४८ सालीं ती राजवट गेली. उर्दू ही थोर भाषा आहे. दोष तिचा नव्हता. न समजणाऱ्या भाषेंत शिकविलें कीं बुद्धि पाठांतराकडे वळते, एवढाच त्याचा अर्थ. आज तीच जागा इंग्रजीनें घेतली आहे.

यावर एक उपाय आपल्याच महाराष्ट्रांत झालेला आहे. मुंबईच्या आयआयटींतील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानें 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम चालू झाला. सुमारें दहा दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर मूळ इंग्रजी साधन दिसतें आणि बोलणें आपल्या भाषेंत ऐकूं येतें. पुष्कळ पाठ मराठींतही आहेत, आणि त्यांस मूल्य नाहीं. एका बाजूस पाठ चालू ठेवावा, दुसऱ्या बाजूस तीच कृति स्वतः करावी, जमलें नाहीं तर थांबवून मागें जावें, अशी त्याची रीत. आम्ही रोज सकाळीं पूजा आटोपल्यावर दोन पाठ करीत असूं. इंग्रजी टाळावें असें मी म्हणत नाहीं. या विद्येचे मूळ ग्रंथ इंग्रजींतच आहेत आणि ते पुढें वाचावेच लागतात. परंतु पहिलें पाऊल घरच्या उंबऱ्यावरून पडावें.

पोळ्याच्या दिवशीं सर्वपित्री!

पाठ झाले, आतां स्वतःचें कांहीं करावयाचें होतें. आमचे कुळांतले लोक पुणें, हैदराबाद व परदेशांत विखुरलेले आहेत. भाद्रपद आला कीं मला फोन येऊं लागतात: आजोबांची तिथि कोणत्या तारखेस? मीं पुतण्याला सांगितलें, याचेंच एक पान कर.

पुतण्यानें झटपट केलें. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, म्हणून दर वर्षीं तारीख अकरा दिवस मागें, असें सूत्र त्यानें घातलें. सर्वपित्री अमावास्या २०२२ सालीं २५ सप्टेंबरला होती. पानानें २०२३ ची सांगितली १४ सप्टेंबर. मी जुनें पंचांग काढून बसलों. त्या दिवशीं तर पोळा होता! खरी सर्वपित्री १४ ऑक्टोबरला, कारण त्या वर्षीं अधिक श्रावण आला होता. यंत्रानें चूक केली नव्हती. तें सांगितलें तेवढें करतें. अधिक मास त्याला कोणीं सांगितलाच नव्हता.

मग सूत्र सोडून दिलें. तिथीचा निर्णय अपराह्णकाळ पाहून करावा लागतो. तो पंचांगकर्त्यांचा अधिकार. आम्हीं छापील पंचांगावरून वर्षवार तारखांची यादी केली, ती वेगळ्या फाइलींत ठेवली, आणि पानानें ती वाचून दाखवावी असें केलें. प्रत्येक फेरफाराची नोंद राहावी म्हणून पुतण्यानें गिट हें साधन घेतलें. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं तयार केलेलें हें साधन म्हणजे कामाची बखरच. काय बदललें, केव्हां बदललें, सर्व मागें जाऊन पाहतां येतें.

एके दिवशीं आमचें पानही कोरें निघालें. या वेळीं पुतण्या घाबरला नाहीं. त्यानें एफ-१२ ही कळ दाबून ब्राउझरचें 'कन्सोल' उघडलें. तेथें चुकीची ओळ तांबड्या अक्षरांत दिलेली होती. एका नांवांत एक अक्षर कमी पडलें होतें. तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. मुलाखतींतील प्रश्नाचें उत्तर इतकें जवळ होतें!

पालकांस दोन शब्द

मोबाइलच्या विद्येचा क्रमही असाच. अँड्रॉइडसाठीं कोट्लिन ही भाषा व अँड्रॉइड स्टुडिओ हें साधन, आयफोनसाठीं स्विफ्ट, आणि एकाच लिखाणांतून दोन्हींकडे चालणारें अ‍ॅप हवें असल्यास फ्लटर. आरंभीं यांतील एकच धरावें. आमचें पान मोबाइलच्या पडद्यावर चिन्ह म्हणून ठेवतां येतें. आमच्या घरचें पहिलें अ‍ॅप तेंच.

कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें आतां मागाल तें लिहून देतात. मग शिकावें कशाला, असेंही कोणी विचारतात. त्यांस माझें उत्तर एवढेंच कीं, लिहून कोणीही देवो, सर्वपित्री पोळ्याच्या दिवशीं आली हें ओळखणारा माणूस घरांत पाहिजे.

फी भरण्यापूर्वीं वर्गचालकास तीन गोष्टी विचाराव्या. पहिल्या महिन्यांत काय शिकवाल? मुलगा रिकाम्या पानापासून स्वतः काय उभें करील? चूक शोधावयास शिकवितां कीं नाहीं? हे प्रश्न मीं त्या वेळीं विचारले नाहींत, आणि त्याची किंमत बंधूंनीं भरली.

पुतण्याला अद्याप नोकरी लागलेली नाहीं. परंतु हदगावांतील एका बियाण्यांच्या दुकानाचें पान त्यानें करून दिलें. त्याचे जे पैसे आले ते त्यानें आईच्या हातीं दिले. तिनें ते देवापुढें ठेवले. बंधू त्या दिवशींही फारसे बोलले नाहींत. जेवतांना एवढेंच म्हणाले, "दादा, उद्यां सकाळीं तुमचा पाठ असेल तेव्हां मीही बसेन म्हणतों."