प्रश्न लिहिणाऱ्याचाच पक्ष असतो तेव्हा

१७ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये आगाऊ मतदान सुरू व्हायचे होते, आणि मतदारांनी कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे याचा न्यायालयीन वाद आदल्या दिवसापर्यंत चालू होता. जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर शहराचा पोलीस विभाग बदलून त्याजागी सार्वजनिक सुरक्षा विभाग आणायचा का, हा विषय. नगर परिषदेने प्रश्नाला आधी स्पष्टीकरणाची टीप जोडली. प्रस्तावाचे समर्थक न्यायालयात गेले आणि टीप निघाली. मग उरलेला मजकूर दिशाभूल करणारा आहे, असे म्हणत काही रहिवाशांनी दावा केला. जिल्हा न्यायाधीशांनी तो मजकूर रद्द केला. परिषदेने नवा लिहिला, तोही रद्द झाला. अखेर १६ सप्टेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव पडला. पण शब्दांवरचा वाद मतदानाच्या उंबरठ्यापर्यंत लोंबकळत राहावा, हे कोणत्याही बाजूच्या मतदारावर अन्यायच आहे.

आपल्याकडे दारूबंदीच्या मतदानात उभी आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात. वाक्यरचनेवर भांडायला फारशी जागाच नसते. अमेरिकेतल्या शहरांत मात्र कर, कर्जरोखे, पेन्शन अशा गुंतागुंतीच्या बाबी एका प्रश्नात बसवाव्या लागतात, आणि तो प्रश्न बहुधा तीच परिषद लिहिते जिला प्रस्ताव मंजूर किंवा नामंजूर व्हायला हवा असतो. वादाचे मूळ इथे आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हा धोका ओळखला आहे. प्रश्न ७५ शब्दांत आणि पूर्वग्रह निर्माण न करणाऱ्या भाषेत हवा. साहित्य छापण्याआधी दहा दिवस लोकांना पाहायला खुले ठेवावे लागते आणि त्या मुदतीत कोणताही मतदार न्यायालयात जाऊ शकतो. मात्र मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा असल्याचा भक्कम पुरावा त्याने द्यायचा, आणि छपाईत मोठा अडथळा येता कामा नये. सॅन होजे शहराने २०१२मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेन्शनकपातीच्या प्रश्नाची सुरुवातच पोलीस गस्त, अग्निशमन केंद्रे आणि ग्रंथालये वाचवण्याच्या हेतूचा उल्लेख करून केली होती. अपील न्यायालयाने हा प्रचार ठरवला आणि तो भाग काढायला लावला.

यावर आक्षेप असा की, प्रचार काढूनही सॅन होजेचा प्रस्ताव दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर झाला. मग एवढा खटाटोप कशाला? माझ्या मते खटाटोपाचे फळ तेच आहे. तटस्थ प्रश्नाला मिळालेल्या होकारावर शब्दांनी भुलवल्याचा आरोप उरत नाही. वेळीच तपासणी झाली नाही तर काय होते, ते ह्यूस्टनमध्ये दिसले. २०१०च्या तिथल्या प्रश्नात पाण्याचा निचरा आणि रस्ते यांसाठी राखीव निधी उभारण्याची गोष्ट होती. त्यासाठी रहिवाशांकडून शुल्क घेतले जाईल, हे नव्हते. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ही त्रुटी २०१५मध्ये मान्य केली, तोवर शुल्क वर्षानुवर्षे वसूल होत होते. शहराला २०१८मध्ये पुन्हा कौल घ्यावा लागला.

लोकप्रतिनिधींची वाक्ये न्यायाधीशांनी का दुरुस्त करावीत, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. न्यायालयाने प्रश्न नव्याने लिहू नये, हे मलाही पटते. पण त्याला मर्यादेत राहून काम करता येते: ऑस्टिनमध्ये २०२१च्या, सार्वजनिक जागी तंबू ठोकण्यावरील बंदीच्या प्रश्नातला फक्त एक शब्द काढायचा आदेश झाला, बाकी मजकूर तसाच राहिला. खटले कमी करायचे तर लिहिण्याची रीतच बदलायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोत पाच मतदान करणाऱ्या सदस्यांची एक समिती खुल्या बैठकीत प्रत्येक प्रस्तावाचा सोप्या भाषेतला गोषवारा तयार करते: आज काय आहे, प्रस्ताव काय आहे, होकाराचा अर्थ काय, नकाराचा अर्थ काय. नागरिक तिथेच हरकत घेऊ शकतात. मात्र हा गोषवारा मतदारांच्या पुस्तिकेत जातो. मतपत्रिकेवरचा प्रश्न शहराचे वकीलच लिहितात. तो प्रश्नही याच समितीपुढे, याच खुल्या बैठकीत यायला हवा.