तळाशी गेलेला मऊ मासा

खोल समुद्रात टिकायचं तर जाड पोलाद हवं, हा समज चिनी संशोधकांच्या सिलिकॉनच्या यंत्रमाशाने खोटा पाडला. 2021 साली ‘नेचर’मध्ये त्याची हकिकत आली. त्याचा स्नायू म्हणजे रबरासारखा पातळ पडदा. आत वीजवाहक थर, बाहेर खुद्द समुद्राचं पाणी! वीज दिली की विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, पडदा चेपून पसरतो. वीज काढली की आकसतो, आणि पंख फडफडतो. सर्किटचे भागही एका जागी न कोंबता सिलिकॉनमध्ये सुटे सुटे बसवलेले, म्हणून मारियाना गर्तेत 10,900 मीटरवरचा दाब त्यांनी सोसला. तिथे मासा त्याला खाली नेणाऱ्या यंत्राला बांधलेला होता, मोकळा पोहला तो 3,224 मीटरवर, हा आक्षेप रास्तच. पण गर्तेतली कसोटी मोकळं पोहण्याची नव्हती, स्नायू चालतो का याची होती. हजारो व्होल्ट लागतात, ही अडचण मात्र अजून सुटायची आहे.