मनोरा उतरताना

हंडी फुटते तेव्हा लालबागच्या गल्लीत सगळ्यांच्या नजरा वर असतात. दही-पाणी खाली सांडतं, ताशाचा जोर वाढतो, चाळीच्या गॅलऱ्यांमधून बादल्या रिकाम्या होतात आणि निवेदक पुढच्या पथकाला पुकारू लागतो. सगळ्यात वरचा गोविंदा, म्हणजे एक्का, मात्र त्याच वेळी खाली उतरायला लागलेला असतो. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दहीहंडीत जखमी झालेल्या १२४ जणांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गंभीर दुखापतींपैकी बहुतेक मनोरा चढताना नव्हे, उतरताना झाल्या होत्या. त्यांत मधल्या थरांतल्या गोविंदांचं प्रमाण मोठं होतं, आणि एकूण जखमींत बहुसंख्य पंधरा वर्षांपुढचे होते.

गेल्या दशकभरात सुरक्षिततेची जी चर्चा झाली, ती जवळजवळ सगळी वरच्या मुलाभोवती फिरली. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरता हा आदेश स्थगित केला, पण २०१६ मध्ये दोन्ही अटी पुन्हा लागू झाल्या. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालायला नकार दिला आणि १४ वर्षांखालच्यांना चढू देणार नाही, ही राज्य सरकारची हमी नोंदवून घेतली. ती हमी गल्लीपर्यंत पुरती पोहोचलेली नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी दहिसरच्या केतकीपाड्यात सराव चालू असताना सहाव्या थरावरून पडून ११ वर्षांचा मुलगा गेला. सणाचा दिवस अजून आलाही नव्हता. गुरुपौर्णिमेपासून रात्री-रात्री सराव चालतो, तेव्हा तिथे ना गाद्या असतात, ना बंदोबस्त, ना रुग्णवाहिका.

मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं, हे चांगलंच झालं. पण हेल्मेट कवटी वाचवतं; मानेसाठी ते फारसं काही करत नाही. मानेच्या सात मणक्यांमधून मज्जारज्जू जातो. मान ताठ असताना तिला थोडा नैसर्गिक बाक असतो आणि तो धक्का पचवतो. मान किंचित पुढे झुकली की तो बाक सरळ होतो आणि डोक्यावर आलेला भार थेट हाडांवर उतरतो. खांद्यावर माणूस घेऊन, मान खाली घालून उभा असलेला तिसऱ्या थरातला गोविंदा नेमका या स्थितीत असतो. वरून पन्नास-साठ किलोचा साथीदार कोसळला, तर दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असून भागत नाही.

अमेरिकन फुटबॉलला हे उशिरा कळलं. हेल्मेटं मजबूत झाली तसे खेळाडू डोकं पुढे करून बिनधास्त धडका देऊ लागले आणि मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडल्याच्या घटना वाढल्या. फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ टोर्ग यांनी कारण उलगडून दाखवलं. १९७६ साली डोक्याने धडक देण्यावर बंदी आली आणि अशा दुखापती झपाट्याने घटल्या. खेळाडूंच्या अंगावर एकही नवी वस्तू चढवावी लागली नाही. फक्त नियम बदलला.

मोटार शर्यतींचा प्रश्न वेगळा होता. चालकाचं धड पट्ट्यांनी आसनाला घट्ट बांधलेलं असे. गाडी भिंतीवर आदळली की धड जागीच राही आणि हेल्मेटच्या वजनासकट डोकं पुढे फेकलं जाई. सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळावर. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जीवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात त्यावर ‘हान्स’ हे साधन तयार केलं. खांद्यांवर बसणारी कडक कॉलर, तिच्यावरून जाणारे आसनाचे पट्टे आणि कॉलरपासून हेल्मेटला जोडलेले दोन आखूड बंद, एवढंच ते. त्यामुळे डोकं आणि धड एकदमच थांबतात. पण अनेक चालकांना ते नकोसं होतं. अडचण होते, मान वळत नाही, अशी त्यांची तक्रार असे. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा अमेरिकेचा लाडका चालक कवटीचा तळ मोडून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कार या शर्यतसंस्थेने असं साधन सक्तीचं केलं, २००३ मध्ये फॉर्म्युला वनने.

हान्स गोविंदाच्या उपयोगाचं नाही. त्याला आसन लागतं, पट्टे लागतात, आणि गोविंदाला तर मान मोकळी हवी. घेण्यासारखी आहे ती त्यामागची दृष्टी: शरीर कुठे अडतं आणि डोकं कुठे जातं, याचा विचार. एक्क्याला बांधलेल्या दोरालाही हीच कसोटी लावायला हवी. दोर नुसता कमरेच्या पट्ट्याला बांधला, तर झटका बसताच मूल कमरेत मुडपतं. खांदे आणि मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा हवा, दोर पाठीवर वरच्या बाजूला अडकवलेला हवा आणि त्यात ढील नको. ठाण्याच्या मोठ्या मैदानात यासाठी क्रेन उभी राहते. गिरगावच्या वाडीत ती शिरणार कुठून? तिथे समोरासमोरच्या इमारतींमध्ये टांगलेल्या दोरावर सगळं निभावतं, म्हणून तो दोर बांधणारा माणूस जाणकार असावा लागतो. आणि हे सगळं एकट्या एक्क्यासाठी. मधल्या थरांना दोर नाहीच.

पडल्यानंतरची पाच मिनिटं तर कुणी शिकवतच नाही. मित्र धावतात, दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि जखमीला उचलून टॅक्सीत कोंबतात. सगळं मायेपोटीच, पण मणका मोडलेला असेल तर या ओढाताणीतच मज्जारज्जूला इजा होऊ शकते. खरं तर शुद्धीवर असलेल्या जखमीला ‘हलू नकोस’ म्हणायचं, एकाने दोन्ही हातांनी डोकं आहे तसं स्थिर धरायचं, फळी आणि कॉलर घेऊन १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं. लालबाग-परळहून केईएम जवळ आहे, गिरगावहून नायरही फार लांब नाही. प्रत्येक पथकातल्या चार जणांना एवढं शिकवायला एक रविवार पुरेल. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा आणि मृत्यू झाल्यास १० लाखांची मदत जाहीर झाली. मदत हवीच, पण मान मोडलेल्या तरुणाची पुढची वर्षं व्हीलचेअरवर जातात आणि घरातलं एक माणूस कायमचं त्याच्यात अडकतं.

स्पेनमधल्या कातालोनियातही माणसांचे मनोरे रचले जातात. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. त्याआधी, २००६ साली मातारो इथे बारा वर्षांची मुलगी पडून गेली होती आणि त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी खास हलकी हेल्मेटं रूढ झाली. पण त्याहून जुन्या दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. ग्राया नावाच्या सनईसारख्या वाद्याची ठरलेली धून मनोऱ्यासोबत चढते आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत वाजत राहते. गर्दीत दबलेल्या, वर काहीच न दिसणाऱ्या खालच्या लोकांना मनोरा कुठवर आला ते त्या धुनेवरून कळतं. दुसरं म्हणजे, स्पर्धेत मनोरा नुसता उभा राहिला तर कमी गुण आणि सुखरूप उतरला तर जास्त.

आपल्याकडे नेमकं उतरतानाच डीजे टिपेला जातो आणि प्रशिक्षकाची शिट्टी बुडते. दादर किंवा लालबागचा एखादा आयोजक पुढच्या वर्षी पत्रकात एवढं छापू शकेल: शेवटचा गोविंदा जमिनीवर येईपर्यंत संगीत बंद, पुढच्या पथकाची घोषणा नाही आणि बक्षिसाची निम्मी रक्कम सगळे थर नीट उतरल्यावरच.