मोराचा पिसारा कुठे गेला?

ताईच्या रुखवतासाठी मी हौसेने मॅटीवर मोर भरायला घेतला, तोही डाव्या कोपऱ्यापासून. पिसारा अर्ध्यावर आला आणि कापडच संपलं! मांडवात सगळ्या हसल्या. ताईचा चेहरा उतरला.

तेव्हापासून मैत्रिणींनो, कापडाची चौघडी घालून मध्य काढल्याशिवाय मी सुई धरत नाही. चौकोन आधी मोजा. इंचाला १४ चौकोनांच्या कापडावर ७० फुल्या म्हणजे ५ इंच. चारी बाजूंना २-३ इंच जादा ठेवा. सहापदरी दोऱ्याचे दोनच पदर घ्या, सुई बोथट टोकाची. गाठ मारू नका. दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांखाली दाबा. फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेने हवा, तरच काम सफाईदार दिसतं.

यंदा भाचीच्या रुखवतात माझा मोर होता. अख्ख्या पिसाऱ्याचा! ताईने तो स्वतः मांडला.