घाई करणारा ईमेल

रमजान सरत आला की घराघरांत पैशांचा हिशेब सुरू होतो. जकात, फित्रा, ईदचे कपडे, गावी आई-वडिलांना पाठवायची रक्कम. सांगवीपासून चाकणपर्यंत कारखान्यांत राबणाऱ्यांचा पगार थेट बँकेत जमा होतो आणि बरीचशी देवघेव मोबाईलवरच होते. अशातच एखादा ईमेल येतो : ‘केवायसी अपूर्ण आहे, २४ तासांत खाते बंद होईल, खालील लिंकवर क्लिक करा.’ वर बँकेचे बोधचिन्ह असते, म्हणून विश्वास बसतो.

अशा ईमेलला फक्त भोळी माणसेच फसतात, असे नाही. पुण्यातील पूना ऑटो अॅन्सिलरीज कंपनीच्या प्रमुखांनी अशाच ईमेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर काढले गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तक्रार झाली. २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश निघाला. भामट्यांच्या खात्यांबाबत बँकेने पुरेशी खबरदारी घेतली नाही, असा ठपका होता. मात्र, ईमेलला उत्तर दिल्यामुळे तक्रारदारालाही नुकसानीचा वाटा उचलावा लागला.

खोटा ईमेल ओळखायचा कसा? तो घाबरवतो आणि घाई करायला लावतो. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मागतो. खरी बँक हे कधीच मागत नाही. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता वाचा. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. हे शब्द पत्त्याच्या शेवटीच हवेत. मध्ये असतील तर सावध व्हा. शंका आली, तर लिंकला हात न लावता बँकेचे अॅप उघडा किंवा शाखेत जा.

तरीही चूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून आधी बँकेला कळवा, लगेच १९३० वर फोन करा.

कष्टाच्या कमाईत जकातीच्या रूपाने गरिबाचाही हक्क असतो. ती सांभाळणे हीसुद्धा अमानतच. आज इफ्तारनंतर घरातील वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमध्ये १९३० हा क्रमांक साठवून द्या.